आपुलकीचा तपशील

'चावडी'च्या सातव्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत त्या सकाळी चहा आधी आला आणि सरकार नंतर, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. सरकार म्हणजे सलोखा खात्याच्या उपसचिव शरयू देवस्थळी. निम्मा देश पडद्यावरच्या या चावडीवर लिहायचा, वाचायचा आणि भांडायचा. खुद्द सरकारी पत्रव्यवहारही चावडीवरूनच चाले. तोंडी किंवा फोनवरची सूचना खातं जमेसच धरत नसे. अशा चावडीच्या मुख्य अभियंत्याने, विश्राम नाखरेंनी, बाईंसाठी स्वतः खुर्ची ओढली. भाषाविभागाची प्रमुख हेमांगी टिळेकर कोपऱ्यात बसून हे पाहत होती.

"हातार खोऱ्यातले लोक खाणीविरुद्ध फार लिहितात," देवस्थळी म्हणाल्या. "गाळतळ्याची भिंत झिरपते म्हणे."

तांबं काढून घेतल्यावर उरलेला विषारी चिखल खाण एका तळ्यात साठवते, ते हे गाळतळं. त्याच्या भिंतीच्या बरोबर खाली ओहळपाडा आहे. तीनशे बारा घरं, सगळी हातारी लोकांची.

"झिरपते का?" हेमांगीने विचारलं.

"खाणीचा अहवाल नाही म्हणतो."

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं हेमांगीच्या ओठांवर आलं होतं. तिने चहाचा घोट घेतला.

"मागे तुम्ही त्यांचे मजकूर खोडलेत, तर माणसं रस्त्यावर आली," देवस्थळींनी नाखरेंना सुनावलं.

"तोंड दाबलं की माणूस दुप्पट ओरडतो, मॅडम. म्हणून आता तोंड दाबायचंच नाही, उत्तर द्यायचं." नाखरे खुलले. यंत्राबद्दल बोलायला मिळालं की ते नेहमीच खुलत. "हिचं नाव प्रतिध्वनी. हातारी माणसाने लिहिलेला मजकूर त्याच्या स्वतःच्या पडद्यावर जसाच्या तसा दिसेल. दुसऱ्या कुणालाही दिसणार नाही. मात्र त्याला उत्तरं येतील, त्याच्या ओळखीच्या माणसांच्या नावाने. 'खरं आहे बाबा', 'आम्ही येतो', 'वरपर्यंत पोचवतो'. ही उत्तरं यंत्र रचेल. आपलं ऐकलं गेलं असं वाटलं की माणूस शांत होतो."

"त्यांना संशय आला तर?"

"उत्तरात एक आपुलकीचा तपशील असतो. लेकीचं लग्न, म्हशीचं आजारपण, घरातलं दुःख. त्या खोऱ्यातल्या सगळ्या नोंदी यंत्राने वाचल्यात. विचारपूस केली की संशय कोण घेतंय?"

"पण जात, जमात, गाव पाहून असं काही करायला कायद्याने बंदी आहे."

"म्हणूनच आपण माणूस कोण हे पाहतच नाही. मजकूर कुठल्या ढबीचा आहे एवढंच पाहतो. एकेक मजकूर, सुटा सुटा. त्यासाठी आमच्या टिळेकरताईंचा ढबमापक आहे."

हेमांगीने कप खाली ठेवला. ढबमापक तिचाच, हे खरं होतं. हातारी बोली अजून किती माणसांच्या बोलण्यात टिकून आहे ते मोजायला तिने तो बनवला होता. त्यासाठी तीन वर्षं ती ओहळपाड्यात झिमाबाईच्या घरी राहिली होती. झिमाबाई सुईण. अर्ध्या पाड्याची नाळ तिने कापलेली, त्यामुळे कुणालाही काहीही ऐकवायचा तिला हक्क होता. गंभीर गोष्ट सांगताना हातारी माणूस आधी आपण कुठे उभे आहोत ते सांगतो, मग कोणी पाहिलं ते, आणि मग काय झालं ते. हा क्रम चुकला की ऐकणारा हसतो आणि विषय बदलतो. हेमांगीला वर्षभर सगळा पाडा हसला. "शहरात तुमच्याकडं कोण कुठं उभा आहे हे न बघताच ऐकतात काय?" असं झिमाबाई विचारायची. पुढे तो क्रम हेमांगीच्या इतका अंगवळणी पडला की शहरात परतल्यावरही तो गेला नाही. ज्या ढबीवर तिने जीव लावला, तिचाच आता लगाम होणार होता. तिला रडू आलं नाही, संताप आला.

"मी हे करू देणार नाही," ती म्हणाली.

"हरकत असेल तर लेखी कळवा, हेमांगीताई," नाखरे शांतपणे म्हणाले. "कचेरीच्या चावडीवर. तोंडी हरकतीला इथे किंमत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे."

प्रतिध्वनी सोमवारी सुरू झाली. बंद करायची तर खात्याचा लेखी हुकूम लागणार होता. मंगळवारी हेमांगीने पत्र लिहिलं: "सातव्या मजल्यावर, माझ्या टेबलापाशी बसून लिहिते. त्या बैठकीत मी होते, माझ्या कानांनी ऐकलं. माणसांचा आवाज काढून घ्यायला माझा ढबमापक वापरला गेला आहे. तो परत द्या."

दोन मिनिटांत नाखरेंचं उत्तर आलं. "हेमांगीताई, तुमची कळकळ पोचली. समितीपुढे मांडतो. आईंचा गुडघा आता कसा आहे?"

हे वाचून ती जरा विरघळली. पाच महिन्यांत तिने अशी चार पत्रं पाठवली आणि चारही वेळा असंच गोड उत्तर आलं. बाकीची कामं सुरळीत चालली होती. सभेच्या वेळा, रजेचे अर्ज, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळ्यांना सगळ्यांची उत्तरं येत होती. नाखरे लिफ्टमध्ये भेटले की प्रसन्न हसत. इतका कोडगा माणूस आपण पाहिला नाही, असं मनात म्हणत ती मजल्यांचे आकडे मोजत राही. आपण आपलं कर्तव्य करतोय, असंही तिला वाटे. याची तिला पुढे फार लाज वाटली.

सहाव्या महिन्यात एका दुपारी खालून निरोप आला की एक बाई तुम्हाला भेटल्याशिवाय हलणार नाही म्हणते.

ती रोपी होती, झिमाबाईची भाची. एक दिवस चालून, एक दिवस एसटीने ती आली होती. पाणी न पिता ती दारातच उभी राहिली.

"तुझ्या दारात उभी राहून सांगते, ताई. मी बघितलं, बांधाखाली उभी राहून, परवा सकाळी. भिंतीतनं पाणी नाही, गाळ येतोय. माझ्या मनगटाएवढी धार आहे."

पाणी झिरपतं तोवर भिंत भिंत असते. गाळ यायला लागला म्हणजे ती आतून पोखरली गेली.

"आणि आत्या?"

"आत्या वाटेवर गेली. महिना झाला."

'वाटेवर' म्हणजे काय, ते हेमांगीला सांगावं लागलं नाही. हातारी लोक गेलेल्या माणसाचं नाव पुढचा मोहोर येईपर्यंत घेत नाहीत, बोलण्यात नाही आणि लिहिण्यातही नाही. नाव घेतलं की ते माणूस मागे वळून बघतं आणि वाट चुकतं. 'वाटेवरची' एवढंच म्हणायचं. पंचवीस वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याबद्दलही झिमाबाई कधी कधी चुकून तसंच बोलायची.

"लिहिलं की सगळे येतो म्हणतात. येत कुणीच नाही," रोपी सांगत होती. "आम्ही म्हटलं, माणसं बदलली. मग आत्या गेली ते लिहिलं, तर माझ्या मावसभावाच्या नावानं उत्तर आलं. त्यात तिचं नाव होतं, सरळ, पुरं. मी भांडायला गेले त्याच्या घरी. तो म्हणतो, आईशपथ मी नाही लिहिलं, मला तर तुझं लिहिलेलं दिसलंच नाही. मग घरोघर विचारलं. कुणीच लिहिलं नव्हतं. आमच्याशी कोण बोलतंय, ताई?"

हेमांगीला एका क्षणात उलगडा झाला. यंत्राने खोऱ्यातल्या सगळ्या नोंदी वाचल्या होत्या, पण जे कधी लिहिलंच जात नाही ते त्याला कुठून वाचायला मिळणार? पाळलेलं मौन नोंदीत सापडत नाही.

तिने रोपीचा हात धरला आणि ती तडक नाखरेंच्या खोलीत शिरली.

"चार पत्रं, साहेब! चार वेळा समितीपुढे मांडतो म्हणालात. भिंत फुटायला आलीय!"

"कुठली पत्रं?" नाखरेंनी चष्मा काढला. "त्या बैठकीनंतर तुम्ही एक शब्द लिहिला नाहीत. मला वाटलं, समजूतदारपणे घेतलंत. म्हणून तर लिफ्टमध्ये हसायचो."

तिने आपला पडदा त्यांच्यासमोर धरला. चार पत्रं, चार उत्तरं. त्यांनी आपला उघडला. तिथे तिच्या नावापुढे रजेचे अर्ज होते आणि दिवाळीच्या शुभेच्छा, बस्स.

नाखरेंनी पहिलं पत्र पुन्हा वाचलं. टेबलापाशी बसून लिहिते, माझ्या कानांनी ऐकलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"ढब," ते पुटपुटले. "तुम्ही त्यांच्यासारखं लिहिता."

"मनापासून लिहिते तेव्हाच," हेमांगी म्हणाली.

नाखरे वाईट माणूस नव्हते. आपल्या यंत्राने आपलं नाव घेऊन आपल्याच सहकाऱ्याला पाच महिने फसवलं, हे त्यांना झोंबलं. ते लगेच लिहायला बसले, आपल्या चोख सरकारी भाषेत. "ओहळपाडा येथील गाळतळ्याच्या भिंतीतून गाळ बाहेर पडत असल्याचे समजते. वस्ती तातडीने हलवावी व प्रतिध्वनी बंद करण्याचा आदेश द्यावा."

चाळीस मिनिटं तिघं पडद्याकडे बघत बसून होती. मग देवस्थळींचं उत्तर आलं. "ऐकीव माहितीवर कार्यवाही शक्य नाही. प्रत्यक्ष कोणी पाहिले, कोठून पाहिले, ते नमूद करून फेरसादर करावे."

"बरोबरच विचारते बाई," रोपी म्हणाली. "आमच्यात बी हेच विचारतात."

नाखरे पुन्हा लिहायला बसले. रोपी सांगत गेली आणि एकही शब्द इकडचा तिकडे न करता त्यांनी ते उतरवलं, कारण साक्ष साक्षीदाराच्याच शब्दांत द्यायची असते. "रोपी, राहणार ओहळपाडा, साहेबांच्या खोलीत उभी राहून सांगते. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, बांधाखाली उभी राहून. माझ्यासंगं सहा बायांनी बघितलं. गाळ येतोय, मनगटाएवढा. माझी आत्या वाटेवर गेली, तिनं पण जायच्या आदल्या आठवड्यात भिंत झिरपताना बघितली होती." पत्र पाठवून त्यांनी घाम पुसला.

दोन मिनिटांत उत्तर आलं.

"बघा!" नाखरे जवळजवळ ओरडलेच. "ऐका. 'नाखरेसाहेब, आपण वेळीच कळवलंत, फार उपकार झाले. बचाव पथक निघालं आहे. सगळी घरं संध्याकाळपर्यंत रिकामी करू. निश्चिंत राहा.' सुटलो बुवा!" ते खुर्चीत मागे रेलले. किती महिन्यांनी कुणास ठाऊक, हेमांगीनेही मोकळा श्वास घेतला.

रोपी मात्र उभीच होती. "मघाशी त्या बाईला चाळीस मिनिटं लागली," ती म्हणाली. "आणि मघाशी ती अशी गोड बोलत नव्हती. अजून काही लिहिलंय का खाली?"

"आहे की, एक ओळ. सांत्वनाची. 'झिमाबाईंच्या जाण्याने...'"

रोपीने पुढे होऊन पडद्यावर तळवा ठेवला.

नाखरेंनी आपलं पत्र वरपासून खालपर्यंत दोनदा तपासलं. ते नाव त्यात नव्हतं. देवस्थळींनी ते उभ्या जन्मात ऐकलेलं नव्हतं.

"मी परत लिहितो," ते म्हणाले. "साक्षीदाराशिवाय..."

"तर ते विचारतील, कोणी पाहिलं," हेमांगी म्हणाली. "आणि हिच्या शब्दांत सांगितलंत, की यंत्र तुमचंही पत्र गिळणार. खात्याचं कार्यालय किती लांब आहे?"

"अकरा किलोमीटर. पण तोंडी सूचना ते घेत नाहीत, ताई. आजवर कधीच नाही."

रोपीने पिशवी खांद्याला लावली.

"दारात जाऊन उभं तर राहू," ती म्हणाली. "आम्ही कुठं उभे आहोत ते तरी त्यांना दिसेल."

नाखरे उठले. जाताना त्यांनी फोन टेबलावरच ठेवला. तिघं जिन्याकडे वळली तेव्हा मागे तो थरथरला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: "पथक पोचलं. सगळे सुखरूप आहेत."