अर्धी भिंत

बिजलीआजीची भिंत पिंपळनेरच्या रस्त्याला लागूनच, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणारी. तिनं ती निवडणुकीच्या प्रचाराला आमच्या डाव्या आघाडीला दिली होती, म्हणून मी चुन्याची बादली घेऊन सकाळीच पोचले... तर एक उंच मुलगा तिथे दुसऱ्याच पक्षाचं नाव रंगवत होता.

"ही भिंत आमची आहे," मी म्हणाले.

"माझ्या आजीची आहे," तो म्हणाला. वळलासुद्धा नाही.

आजी बाहेर आली. माझ्या आबांबरोबर मुंबईपर्यंत पायी मोर्चात जाऊन तिनं वनजमिनीचा पट्टा मिळवला होता.

"पट्टा लाल झेंडामुळेच शे," ती म्हणाली. "पन लखन मना नातू शे. अर्धी अर्धी करी ल्या."

झालं. शेजारीशेजारी उभं राहून आम्ही रंगवू लागलो. आमची निशाणी नांगर, पण माझ्या हातून मोडकी खाट उतरली. लखननं माझा ब्रश घेतला. बोटाला बोट लागलं आणि मी उगाचच बादलीत पाहत राहिले.

"तुमच्या आघाडीत पक्ष पाच, मतं चार," तो म्हणाला.

"मग आमचा नांगर कशाला काढताय?"

"तुम्ही रडवेल्या दिसलात..."

रडवेली होतेच मी. मोर्चाला अख्खा तालुका यायचा, मताला मात्र घरचीच माणसं. दरवेळी आमचं डिपॉझिट जायचं. यंदाही गेलं तर झेंडा घडी करून ठेवतो, असं आबा म्हणाले होते. आणि झेंड्याशिवाय आबा... मला कल्पनाच करवत नव्हती.

यंदाही गेलं.

निकालाच्या संध्याकाळी रस्त्यावर लखनच्या पक्षाच्या मिरवणुकीचे ढोल वाजत होते, आबा ओट्यावर झेंड्याची घडी घालत होते. तेवढ्यात लखन आला. तोंड धुतलेलं, कानामागे गुलाल तसाच.

"आबा, खोटं नाही बोलत. मत मी आमच्याच माणसाला दिलं," तो म्हणाला. "पण तुम्ही मिळवलेल्या जमिनीचं खातो मी. वरच्या पाड्याचे पट्टे अजून अडकलेत. मोर्चा काढा, मी चालतो."

"मोर्चाला सगळेच येतात रे," आबा म्हणाले आणि हसले. मग घडी उलगडून झेंडा पुन्हा काठीला बांधू लागले. त्या क्षणी मला लखनचे पाय धरावेसे वाटले. इतके उपकार माझ्यावर कुणी केले नव्हते.

त्याला पोचवायला मी फाटकापर्यंत गेले.

"आमची अर्धी भिंत मी चुन्यानं पुसली," तो म्हणाला. "तुमचा नांगर ठेवलाय."

"जिंकलेला पक्ष आपलंच नाव पुसतो?"

"जागा हवी होती... लग्नघराच्या भिंतीवर दोन नावं लिहितात ना, तेवढी. एक माझं आहे. दुसरं..." तो अडखळला.

ढोल लांब गेले होते. मी हात वर करून त्याच्या कानामागचा गुलाल पुसला.

"उषा," मी म्हणाले. "पण लिही तूच. माझ्या हातचं तू पाहिलंयस."