गरम इंजिन

त्याने इंजिनाला हात लावला नि झटकन मागे घेतला.

"गरम आहे," तो म्हणाला. "गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवलीत, म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. थंड असताना सुरू व्हायला कुरकुरत असणार."

तिला असा राग आला! आधी गाडी बघायला आलेले दोघे 'कळवतो' म्हणून सटकले होते. हा मेला तोंडावर बोलला. जुन्या मोटारसायकली विकत घेणाऱ्या शोरूमचा माणूस, शर्टावर ग्रीसचा डाग, आणि डोळे मात्र... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर बघू.

"आई सुरू करते रोज," ती म्हणाली. "दादाची गाडी आहे. दादा गेला... साध्या तापाचं निमित्त झालं. तेव्हापासून आई रोज सकाळी ही सुरू करते नि शेजारी स्टूल टाकून बसते. तो आवाज ऐकल्याशिवाय तिला घास जात नाही. गाडी बंद केली की पुन्हा गप्प. रडतसुद्धा नाही हो! ही गाडी गेल्याशिवाय माझी आई मला परत मिळायची नाही."

त्याने मान खाली घातली. "मूर्खासारखं बोललो मी."

"बोललात खरं."

"उद्या लवकर येतो. थंड इंजिन ऐकल्याशिवाय आमचा मालक भाव देत नाही."

दुसऱ्या दिवशी तो लवकर आला. गाडी गरम! नंतर त्याहून लवकर... तरी गरमच. मग तो तिथेच उकिडवा बसून तिला गाडी समजावत राही. आठशे सीसी, दोन सिलिंडर, चेनऐवजी शाफ्ट.

"ही जपानी क्रूझर जन्मभर साथ देईल," तो म्हणाला. "पण पार्ट मिळता मिळत नाहीत, म्हणून रीसेलला मार खाते."

"म्हणजे गुणी आहे, पण घेणारा कोणी नाही?"

"कोणी नाही, असं नाही..." तो म्हणाला — आणि त्याची नजर गाडीवर नव्हती.

तिचे कान तापले. लगेच स्वतःचाच संताप आला. घरात हे असं, नि हिला लाजायला सुचतंय!

एके सकाळी तो आला, तो इंजिनाला हात न लावताच उभा राहिला.

"मालक म्हणतो, नाद सोड. आजचा शेवटचा दिवस." तो घुटमळला. "खरं सांगू? आजही गरमच निघावी असं वाटत होतं. गाडी गेली की... मला इथं यायला निमित्त काय?"

"गरमच आहे," दारातून आवाज आला. आई! "गरम इंजिन दिसलं की घेणारा पळतो. माझ्या लेकानेच शिकवलं होतं मला."

"आई... म्हणजे तू मुद्दाम?"

"मुद्दाम." आईने मुठीतली किल्ली त्याच्यापुढे धरली. "पण किती दिवस पळवून लावू? ही पोर माझ्याकडे बघून बघून वाळत चाललीये. घेऊन जा. भाव तिकडे इंजिन थंड झाल्यावर ऐकून ठरव."

आवाज नको म्हणून तो बिचारा ते अवजड धूड ढकलायला लागला.

"ढकलत काय नेतोस? सुरू कर. ऐकू दे मला!"

तो घुमारा गल्लीच्या टोकाला वळला, विरत गेला, संपला. आणि आईने जमिनीवर बसून हंबरडा फोडला. इतके महिने लेकीने आईच्या ह्याच रडण्याची वाट पाहिली होती, पण आता ते ऐकवेना. तीही आईला घट्ट धरून रडली.

संध्याकाळी तो चालत आला.

"गाडी तर गेली," तिने डोळे पुसत विचारलं. "आता काय बघायला आलात?"

"तुम्हाला."

ती म्हणाली, "सकाळपासून रडारड चाललीये इथं. कोणी काही खाल्लेलं नाही. बसावं, बोलावं, असं घर नाही हे..."

"माहीत आहे," तो चपला काढत म्हणाला. "स्वयंपाकघर कुठंय, तेवढं दाखवा."