एंटर मारून झालं होतं

"एक शब्द खोडायचा होता मेल्या, घर नव्हतं जाळायचं!"

मी हे कॉम्प्युटरला म्हणाले, आणि टेबलाखालून कोणीतरी हसलं.

वाकून पाहिलं. शेजारच्या टेबलाखाली एक माणूस वायर दातात धरून बसला होता. कपाळावर घाम, चष्मा नाकाच्या टोकाला, आणि डोळ्यांत... डोळ्यांचं नंतर सांगते.

"कंट्रोल-डब्ल्यू दाबलंत ना?" वायर तशीच दातात.

"पुस्तकात लिहिलंय, त्यानं मागचा शब्द खोडला जातो."

"पुस्तक बरोबर आहे. पण तुम्ही ती काळी खिडकी ब्राउझरच्या आत उघडलीत. ब्राउझरच्या भाषेत कंट्रोल-डब्ल्यू म्हणजे टॅब बंद. तुमचं पुढे पोचवायच्या आधी तो स्वतःचंच खरं करतो."

"म्हणजे आमच्या घरच्या पुरुषांसारखाच."

वायर दातातून पडली.

हा यायर आपटेकर. राहणार पनवेल, वय बेचाळीस. आमच्या कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ठेकेदाराचा माणूस. तळोज्याला आमचं मासळीचं शीतगृह आहे आणि मी तिथे बारा वर्षं खोक्यांचे आकडे टाईप करत होते. आई उरण नाक्यावर मासळी विकते, मी आत बसून मासळी मोजते. आमची प्रगती म्हणजे एवढीच, पंख्याखाली.

तर कंपनीला सर्व्हरसाठी घरचं माणूस हवं होतं. सर्व्हर म्हणजे शीतगृहातल्या अकरा खोल्यांचं तापमान जिथे मिनिटामिनिटाला साठतं, ते यंत्र. त्याला माऊस नाही, चित्रं नाहीत. काळ्या खिडकीत हुकूम टाईप करायचे, बस. मी अर्ज दिला. मॅनेजर प्रभाकर सर तो अर्ज उलटसुलट करून बघत राहिले.

"निशाताई, हे पोरांचं काम आहे."

"पोरं सहा महिन्यांत नोकरी बदलतात, सर. मी बारा वर्षं हललेय का?"

तीन महिने चाचणी, मग परीक्षा, असं ठरलं.

त्या तीन महिन्यांत यायर दर मंगळवारी यायचा आणि मी दर मंगळवारी नवीन भांडण काढून ठेवलेलं असायचं. ऑल्ट-एफ दाबलं की म्हणे एक शब्द पुढे जाता येतं. माझ्याकडे शब्द तिथेच आणि वरून फाईलचा मेनू लोंबायचा.

"एस्केप दाबा, सोडा, मग एफ दाबा," तो म्हणाला. "दोन्ही एकदम धरायची घाई कशाला?"

"मला घाई नाही. एकोणचाळीस वर्षं थांबलेय."

"शब्दासाठी?"

"शब्दासाठीच," मी म्हटलं, आणि एस्केप इतक्या जोरात दाबलं की टेबल हाललं.

चहा आला तेव्हा माझ्या कपातली साय त्याने आपल्या चमच्याने काढून घेतली. साय मला आवडत नाही हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा डोळे नीट पाहिले. पावसाळी खाडीचा रंग असतो ना, हिरवा की राखाडी हे ठरत नाही, तसे.

"तुमचं लग्न?" एकदा मीच विचारलं. आपल्याला काय, एवढं वय झाल्यावर लाज कोणासाठी राखायची?

"आमच्या बेने इस्राएल लोकांतल्या निम्म्या मुली इस्राएलला गेल्या, उरलेल्यांना मी फार बोलतो असं वाटलं. तुमचं?"

"मला पाहायला आलेल्यांना मी फार बोलते असं वाटलं."

"मग आपण दोघं बसून काय करतो?"

"तुम्ही वायर लावताय. मी वाट बघतेय... वायर लागायची."

पुढच्या मंगळवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. कोणी केलं ते आठवत नाही. मीच केलं असणार.

ऑफिसला डोळे असतात, आणि त्याला व्हॉट्सअॅपही असतं. डिस्पॅचचा प्रितेश सगळ्यांदेखत म्हणाला, "निशाताई सर्व्हर चालवतात? अहो, यायर चालवतो. ताई नुसत्या बसतात."

यायर उठला. मी त्याची बाही धरली.

"तू बोललास तर तो खरा ठरेल. बस खाली."

प्रभाकर सरांनी तोडगा काढला. परीक्षा शनिवारी. शनिवारी यायर कामाला येत नाही; त्याच्या लोकांचा तो शब्बाथ, विश्रांतीचा वार. शुक्रवारी दिवे लावल्यापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत त्याच्या घरी फोनदेखील बंद. "म्हणजे कोणाला शंका नको," सर म्हणाले. एक वाजता तपासणीवाले येणार होते. त्याआधी वर्षभराचं तापमान मी एकटीने काढून द्यायचं. नाही जमलं तर परत खोकी.

शनिवारी दहाला मी हुकूम सोडला. ओळी पळायला लागल्या. पहिली खोली, दुसरी, पाचवी... अकराच्या सुमाराला सर आणि बाकीचे चहाला गेले. आणि मी, बारा वर्षं एक्सेल वापरलेली बाई, सवयीने काय केलं? काम वाया जाऊ नये म्हणून कंट्रोल-एस दाबलं.

सगळं थांबलं.

एंटर मारलं, काही नाही. अक्षरं बडवली, एक उमटलं नाही. संपलं आता, परत खोकी. त्या मुक्या पडद्याकडे बघता बघता काय झालं कोण जाणे, मी रोमन अक्षरांत टाईप करत सुटले. दिसतंय कुठे!

यायर तू असतास तर हसला असतास. तू हसलास की मला बरं वाटतं. तू मला आवडतोस रे.

आणि एंटर.

मग डोळे पुसले आणि दुसरी काळी खिडकी उघडली. कुठली किल्ली काय करते हे यंत्रालाच विचारता येतं. त्याचा हुकूम : एसटीटीवाय, जागा सोडून वजा ए. हे मी ऑगस्टात बसमध्ये वाचत शिकले होते, यायरकडून नाही. यादी आली. तिच्यात लिहिलं होतं : थांब म्हणजे कंट्रोल-एस. सुरू म्हणजे कंट्रोल-क्यू.

म्हणजे मेलं काहीच नव्हतं. मीच 'थांब' म्हटलं होतं, ते बिचारं थांबलं होतं. एवढं सोपं! हसू आलं... आणि तिथेच गोठलं. यंत्र थांबलेलं असलं तरी माझं टाईप केलेलं आत साठत होतं. सुरू केलं की सगळं पडद्यावर येणार. एंटर मारून झालं होतं, आता खोडताही येईना.

मागे चपला वाजल्या. सर, प्रितेश, आणखी दोघं. घड्याळात साडेअकरा. खिडकी बंद केली असती तर माझी अब्रू वाचली असती, पण काम पहिल्यापासून. एकपर्यंत होणं शक्य नव्हतं.

"अडलं का?" प्रितेशने विचारलं. इतक्या मायेने विचारलं की माझं ठरलं.

मी कंट्रोल-क्यू दाबलं.

ओळी पुन्हा पळाल्या. आठवी खोली, दहावी, अकरावी. सव्वाबाराला काम पूर्ण. आणि त्याखाली, स्वच्छ पांढऱ्या अक्षरांत, माझं वाक्य. त्याच्याही खाली यंत्राचं उत्तर : यायर, कमांड नॉट फाउंड.

प्रितेशच्या मोबाईलच्या कॅमेऱ्याचा खटका वाजला.

"निशाताई," सर घसा खाकरून म्हणाले, "तापमानाचं तुम्हीच केलंत?"

"मीच."

"आणि हे खालचं?"

"तेही माझंच, सर. दोन्हींत कोणाची मदत घेतलेली नाही."

सरांनी कागद छापायला सांगितले. तपासणीवाले दोनला गेले. सोमवारपासून जागा माझी. फोटो तोवर ग्रुपवर पोचला होता, आणि त्या ग्रुपवर यायर होता. फक्त त्याचा फोन अजून बंद होता.

माझं प्रेम त्याला प्रितेशच्या फॉरवर्डमधून कळणार? नाही जमणार. मी रिक्षा केली.

पनवेलला पोचले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरत होतं. दार त्याच्या आईने उघडलं. हदासाबाई, पांढरा अंबाडा. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत हाक मारली, "यायर, तुझी मंगळवारची आलीय रे!"

तो बाहेर आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चष्मा नाही. "परीक्षा?"

"झाली. जागा मिळाली. ते सोड. तू फोन सुरू केलास की एक फोटो येईल. तो बघायच्या आधी मला बोलायचंय."

"काय आहे त्यात?"

"मी." मागे फिरले असते तर स्वतःला तोंड दाखवता आलं नसतं. "तू मला आवडतोस, यायर. ऑफिसात सगळ्यांना कळलंय. तूच तेवढा राहिला होतास."

तो कठड्याला टेकला. "शनिवारी मी काम करत नाही."

"हे काम आहे?"

"नाही ना... तेच म्हणतोय," तो म्हणाला, "म्हणून आत्ताच सांगता येईल. ठेकेदाराचं तुमच्याकडे महिन्यातून एकदाच येणं ठरलेलं आहे, निशा. मी दर मंगळवारी रजा टाकून येत होतो."

मी उंबऱ्यावरच बसले. तोही बसला, हातभर अंतर ठेवून. मग ते अंतर मीच मिटवलं. गल्लीतून दोघंतिघं बघत गेले. बघू देत.

मी आईला फोन लावला.

"आये, उद्या एक रावस बाजूला ठेव. कोलंबी नको, खवल्यांचाच मासा लागतो त्यांच्यात."

पलीकडे नाका गजबजत होता. आई म्हणाली, "पनवेलच्या इस्राएल लोकांतला हाय?"

"हो."

"लोक काय बोलतील, म्हाइत हाय ना?"

"त्यांचं बोलून झालंय, आये."

"बरं." कोयता लाकडावर आपटल्याचा आवाज आला. "एक रावस पुरायचा नाय. त्याच्या आईलापन आन."