रिकाम्या पट्टीवरचा काटा

वाचकहो, सन १९८६ साली आल्लापल्लीजवळच्या एका आरामशीनवर जे घडले, ते मी पुढे यथाक्रम निवेदन करीत आहे. आपण ते शांतचित्ताने वाचावे.

हरिदास हा ऊर्जानगरचा विद्युत कारागीर. गोल आऱ्याच्या तोंडाशी त्याने तांब्याची स्पर्शपट्टी बसविली होती. माणसाचा हात तिला लागताच आरा थांबावा, अशी ती योजना. पट्टी रिकामी असता तिला जोडलेल्या मापकाचा काटा शून्यावर राही. हात टेकला की पाचावर जाई.

परंतु दोन दिवस आरा फिरतच नव्हता. पट्टीला कोणी शिवलेले नसताही काटा पाचावर उभा होता. हरिदासने ओला भुसा पुसला, तारा बदलल्या. ओलाव्याने काटा थरथरतो. हा थरथरत नव्हता.

मालक गुणवंतराव कातावले. "आज चालू नाई झाला त पट्टीच उखडून फेकतो. मंग सारते पोचू लाकूड तसाच!"

पोचू हा आऱ्याकडे लाकूड ढकलणारा, म्हणजे सारणारा; धोका त्याच्याच हातांना होता. तो सदैव उजवीकडे उभा राही. डावी जागा त्याच्या जोडीदाराची, जंगूची. जंगू उन्हाळ्यात तापाने वारला. वर्ष होईपर्यंत पोचू ती जागा कोणास देणार नव्हता.

"भाऊ, मशीन बिघडली नाई," पोचू म्हणाला. "जंगू हात ठेवून आहे. मले सारू देऊन नाई राह्यला."

"मंग त्याले म्हण, चहा पिऊन ये जरासा," हरिदास हसला. पोचू हसला नाही.

अखेर हरिदासने मापकाचा स्क्रू पिळून त्या पाचालाच शून्य ठरविले. आरा फिरू लागला. पोचूने हात टेकताच काटा पाच घरे चढला, आरा थांबला. हरिदासचे समाधान झाले.

सागाचा ओंडका लागला. मध्येच गाठ आली. लाकूड उसळले.

पोचूचा डावा हात पट्टीला न शिवता थेट पात्याकडे गेला.

त्याच क्षणी काटा शून्याखाली पाच घरे कोसळला. पोचू मागे ओढला जाऊन भुशात बसला.

हरिदासने बटण दाबून आरा बंद केला. "लागलं काय रे?"

"नाई." पोचूने मनगट वर केले. त्यावर बोटांचे लाल वळ होते. "तुमी ओढलं काय, भाऊ?"

हरिदास दहा पावले दूर, मापकापाशी होता.

पट्टीजवळ आता कोणीही नव्हते. काटा सावकाश वर चढला, आणि शून्यावर, म्हणजे मुळच्या पाचावर, येऊन स्थिरावला.

ही हकीकत आपण धीराने वाचली, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

— खुशाल वारलू रामटेके