येतानाचा वारा

विनायककाकांचा फायदा होता चाळीस मिनिटांचा. भुवनेश्वरला बॅटरी बदलायला तेवढा वेळ लागे. न बदलता विमान पुण्याला परत आणलं, तर सर्वांत जलद खेपेच्या फलकावर त्यांचं नाव चढणार होतं. सध्या तिथे त्यांच्या साडूचं नाव होतं.

विमान विजेवरचं, वैमानिकाविना उडणारं. भुवनेश्वरहून ते एक हृदय आणणार होतं, शेजारच्या चौदा वर्षांच्या निहारसाठी. शरीराबाहेर हृदय चारच तास टिकतं. आईबाबा हॉस्पिटलात, म्हणून निहारची धाकटी बहीण शरयू काकांबरोबर विमानतळावर आली होती.

खेपा आखणं काकांचं काम; त्यांनी हिशेब मांडला. अंतर सुमारे बाराशे किलोमीटर, वेग ताशी सहाशे. जायला दोन तास, यायला दोन. बॅटरी चार तास पाच मिनिटांची. पश्चिमेचा वारा ताशी एकशेवीस किलोमीटरचा होता, त्याचं काय, असं शरयूने विचारलं.

"अगं, जाताना ढकलेल, येताना अडवेल. एकाचं दुसऱ्यात वळतं होतं ते," काका म्हणाले.

कोपऱ्यात टिट्टू हा यंत्रमानव उभा होता. फार बोलतो म्हणून काकांनी त्याला विचारल्याशिवाय बोलायची बंदी केली होती. त्या दिवशीही त्याला कुणी विचारलं नाही.

विमान शंभर मिनिटांत पोचलं, तेव्हा काकांनी शरयूकडून टाळी घेतली. येताना मात्र पुण्याच्या चाळीस किलोमीटर अलीकडे बॅटरी संपली आणि विमान यवतजवळ शेतात उतरलं. मोटारीने पेटी आणेपर्यंत हृदय काढून सव्वाचार तास झाले होते. डॉक्टरांनी हृदय घेतलं नाही.

चौथ्या दिवशी शरयू खडू घेऊन टिट्टूसमोर बसली. कुठे चुकलं, तिने विचारलं.

टिट्टूने तिच्याकडूनच गणित करून घेतलं. जाताना भूवेग (जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग) सातशेवीस, म्हणून शंभर मिनिटं. येताना चारशेऐंशी, म्हणून दीडशे. एकूण चार तास दहा मिनिटं.

"वाऱ्याचा जोर दोन्ही वेळा सारखाच होता," टिट्टू म्हणाला. "पण त्याने मदत केली शंभर मिनिटं आणि अडवलं दीडशे मिनिटं. मदतीने विमान लवकर पोचतं, म्हणून मदत लवकर संपते. वळतं कधीच होत नाही."

बॅटरी बदलायची चाळीस मिनिटं धरूनही हृदय तीन तास दहा मिनिटांत पोचलं असतं, हे शरयूने स्वतःच काढलं. मग तिने खडू खाली ठेवला.

"तुला आधीच माहीत होतं?"

"हो. मला विचारलं नव्हतं."

दुसरं हृदय मिळालं नाही. नवव्या दिवशी निहार गेला.

फलक काकांनीच उतरवला. तिथे आता शरयूच्या अक्षरात लिहिलं आहे: जाणं वेगळं मोजा, येणं वेगळं मोजा. टिट्टू न विचारता बोलतो, कंटाळा येईपर्यंत बोलतो, आणि त्यानंतरची प्रत्येक पेटी वेळेत आली आहे.

त्या खेपेला पाच मिनिटं कमी पडली होती. ती भरली निहारने, आणि भुवनेश्वरच्या त्या घराने, ज्याचं दान यवतच्या शेतात थांबलं.