बोरझरीच्या विहिरीचा दगड

चहाचा पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच वर्षाराणीचा फोन वाजला. पलीकडे बोरझरीचे वीरेंद्र मास्तर होते.

"मॅडम, घात झाला! विहिरीचा दगड रातोरात उपटून नेला कोनीतरी."

"कोणता? चुन्याखाली अक्षरं असलेला?"

"तोच. पण तुमी येनं रद्द करू नका, हात जोडतो. दगड गेला तरी विहीर जागेवरच हाय ना!"

वर्षाराणीनं कप आपटला. वाशीमच्या स्मृतिफलक समितीची ती सचिव. कोणत्या जुन्या वास्तूला सरकारी फलक लावायचा, ते तिच्या अहवालावर ठरायचं. अनसिंगच्या बाजूला एकच फलक मिळणार होता आणि दावेदार दोन, तेही एकाच गावातले: बोरझरीची विहीर आणि दौलतरावांची गढी. बैठक उद्यावर आलेली, आणि नेमका आजच दगड गायब! चोराच्या सात पिढ्या उद्धरत तिनं गाडी काढली.

विहिरीच्या काठावर पडलेल्या दातासारखी एक खाच रिकामी होती. उरलेल्या दगडांच्या आतल्या कडा पोहऱ्याच्या दोरांनी घासून घासून बोटबोट खोल गेल्या होत्या. बाजूला गोमतीबाई डोक्याला हात लावून बसली होती. म्हातारी रडत नव्हती, संतापली होती.

"मेल्याचे हात झडोत! काल म्याच घासला तो दगड, नारळाच्या शेंडीनं. शेवाळ गेलं, चुना गेला, अक्षरं लख्ख निघाली."

"काय लिहिलं होतं?"

"मले कुठी वाचता येते, बाई? मास्तर तथीच उभे होते. म्हटलं, वाचून सांगा. तं म्हने, अंधार पडून राह्यला, उद्या मॅडमसमोर वाचतो."

"आणखी कोणी पाहिलं?"

"कोनी नाई. माही माय सांगे, दुष्काळात मानसं पोट भराले बाहीर गेले, तवा बायांनी खनली हे विहीर. माह्या आजीनं, सोनाईनं, पह्यली कुदळ मारली. गाव हासते मले. एकडाव तिचं नाव डोळ्यानं पाहू द्या, मंग मेली तरी चालते."

शेजारी उभे असलेले मास्तर मंद हसले. निवृत्त मुख्याध्यापक, कपाळाला गंध, पायात पॉलिश केलेले बूट. विहिरीचा अर्ज त्यांनीच केला होता, कारण विहीर त्यांच्या आजोबांनी बांधली असं गाव मानायचं.

"बाया मजुरीवर होत्या, मॅडम. बिचारीले कोन सांगनार? तुमी त्या लखनले विचारा. फलक लागला तं त्याच्या रस्त्याले वळसा पडते."

रस्त्याचा ठेकेदार लखन जवळच मोटारसायकलला टेकून उभा होता.

"काल रात्री कुठे होतास?"

"शेलूबाजारले, बहिनीकडे. विचारून घ्या. आन मले कायले पाह्यजे दगड? त्याच्यावर लिवलेलं हाय हेच मले आज समजलं!"

"रस्ता सरळ जावा असं तुला वाटतं ना?"

"वाटते. तं मंग म्या विहीर बुजवली असती. एक दगड नेऊन माहा रस्ता कसा सरळ होईन, सांगा बरं?"

पोरगा उद्धट होता, पण खोटं बोलत नव्हता, असं तिला वाटलं. तिथून सगळे दौलतरावांच्या गढीकडे निघाले. वाटेत मारोतीचं देऊळ लागलं. मास्तरांनी खाली वाकून बुटांचे बंद सोडले, दर्शन घेतलं, पुन्हा बांधले. पुढं पिराचा चौथरा आला. तिथंही त्यांनी तेच केलं.

"आपल्याले सगळे देव सारखे," ते म्हणाले. वर्षाराणीचा पारा चढत होता. इथं चोर पळाला आणि ह्यांचं दर्शन आटपेना.

पुढं बाभळीखाली शेंदूर फासलेला एक दगड दिसला. गोमतीबाईनं चपला काढून हात जोडले.

"म्हसोबा दिसते. कोनी बसवला काय मालूम."

लखननंही चप्पल काढून कपाळाला हात लावला. शेंदराचं तेल मातीत ओघळत होतं. नारळ नव्हता, फूल नव्हतं, उदबत्तीची काडीसुद्धा नव्हती.

"चला, चला, ऊन होऊन राह्यलं," मास्तर वाटेवरूनच म्हणाले.

गढीच्या दारात दौलतराव तोंड वाकडं करूनच बसले होते.

"माह्यावरच संशय ना? घ्या झडती!"

"दगड नसला तर विहिरीचा दावा लंगडा पडतो. फायदा तुमचाच आहे."

"असन. पन चोरून मान घ्याची आमची रीत नाई. गढीले फलक नाई लागला तं गढी पडते काय?"

वर्षाराणी दारातच थबकली. सकाळचा फोन तिच्या कानात पुन्हा वाजला. दगड गेला तरी विहीर जागेवरच हाय ना! अस्सं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सगळे माझ्यासोबत चला. दौलतराव, तुम्हीसुद्धा."

बाभळीखाली पोचल्यावर ती म्हणाली, "ह्या देवावर हात ठेवून शपथ घ्यायची. दगड मी नेला नाही, म्हणा."

लखननं चपला काढल्या, घाबरतच हात टेकवला, कशीबशी शपथ घेतली. दौलतराव भडकले.

"असल्या कामात देवाले मधात आनू नका! म्या नाई घेत शपथ."

मास्तर सरळ पुढं झाले. तळहात शेंदरावर ठेवला. "या देवाची शपथ, म्या दगड नेला नाई."

"मास्तर," वर्षाराणी म्हणाली, "तुमचे बूट पायातच आहेत."

मास्तरांनी खाली पाहिलं.

"मारोतीला काढले. पिराला काढले. इथं मघाशीही नाही काढले आणि आता शपथ घेतानाही नाही. गावात एकट्या तुम्हालाच माहीत होतं की हा देव नाही!"

"मॅडम, तुमी—"

"गप्प बसा! लखनला दगडाचा उपयोग नाही, आणि अक्षरं उघडी पडली हे दौलतरावांना ठाऊकच नव्हतं. ते ठाऊक होतं गोमतीबाईला आणि तुम्हाला. तिला दगड हवा होता. तुम्हाला विहीर हवी होती, पण दगडाशिवाय! अहो, चोराला फलक नको असेल असं धरून मी बसले. चोराला फलकच पाहिजे होता, स्वतःच्या आजोबांच्या नावाचा. फोडला असता तर आवाज झाला असता. म्हणून ढकलत इथवर आणला आणि शेंदूर फासला. शेंदराच्या दगडाला गावात कोण हात लावतंय?"

"हे तुमचं अनुमान हाय."

"ही कड पाहा. म्हसोबाला दोराच्या खाचा कधीपासून पडायला लागल्या?"

लखनला पाठवून तिनं गाडीच्या डिकीतून तेल आणि फडकं आणवलं.

"अवो बाई, पाप लागन!" गोमतीबाई ओरडली.

"पाप ज्यानं केलं त्याला लागेल, आजी."

फडकं लाल होत गेलं. पहिलं अक्षर दिसलं, मग ओळ, मग खाली ओळींवर ओळी. सगळी बायकांची नावं. आजोबांचं नाव कुठंच नव्हतं. लखननं कचकचून शिवी हासडली. मास्तरांच्या कपाळावरचं गंध घामानं नाकावर उतरलं होतं.

"आजोबाचं नाव लहानपनापासून ऐकत आलो," ते पुटपुटले. "काल वाचलं आन पायाखालची जमीनच सरकली."

"मंग माहं काय, मास्तर?" गोमतीबाई उठली. "म्या जनमभर हासू ऐकलं. अन् तुमी वाचूनबी मुके राह्यले!"

वर्षाराणीनं पोलीस ठाण्याला फोन लावला. अहवाल ती संध्याकाळी लिहिणार होती आणि फलकावर काय कोरायचं ते दगडावरच होतं. नाव दाखवायला तिनं गोमतीबाईचा हात धरला. म्हातारीनं तो सोडवून घेतला.

"तुमी नका वाचू, बाई. हा वाचनार होता." ती मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली. "बूट काढ."

मास्तरांनी इकडंतिकडं पाहिलं. मधे पडायला कोणी पुढं आलं नाही. ते खाली बसले आणि बंद सोडू लागले. गाठ सुटायला वेळ लागला.

"आता वाच," गोमतीबाई म्हणाली. "सगळ्यायचे नावं वाच. अन् मोठ्यानं वाच, गावाले ऐकू गेलं पाह्यजे."

मास्तरांनी घसा खाकरला आणि पहिलं नाव वाचलं. सोनाई.