समुद्रगवतावरची भांडणं

"थांबवा! अहो, बोट थांबवा!"

मी अशी किंचाळले की शेजारी बसलेल्या मावशीचं आइस्क्रीम तिच्याच मांडीवर पडलं.

मावशी पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आली होती. जुनी गोदी, मत्स्यालय, दीपगृह… सगळं एका फेरीत दाखवणारी बोट, म्हणून आम्ही चढलो. बोटवाला देखणा होता. माईकवर गमती सांगत होता. खोटं कशाला बोलू, मीही दोनदा हसले होते. आणि मग उथळ खाडीत, समुद्रगवतावरून त्याने बोट सुसाट सोडली – आणि खालून धप्प असा आवाज आला.

"ओंडका असेल," तो म्हणाला.

"ओंडक्याला रक्त येतं का?"

मागे पाणी लाल झालं होतं. मी जलचरांची डॉक्टर. सुट्टीचा दिवस तिथेच संपला. बोटीच्या पंख्याने एका समुद्री कासविणीची पाठ चिरली होती. तिला वर ओढताना त्याने हात पुढे केला, तर मी त्यावर फटका मारला.

"लांब व्हा. पुरे झालं तुमचं शहरदर्शन!"

मावशी माझ्या कानाशी कुजबुजली, "अगं, किती पांढरा पडलाय बिचारा."

"पडू दे!"

संध्याकाळी तो आमच्या रुग्णालयाच्या दारात उभा. दुसऱ्या दिवशीही. मग रोजच.

"कशी आहे ती?"

"जिवंत आहे. तुमच्या कृपेने नाही."

"ओरडून झालं असेल तर… ही पाण्याची बादली कुठे ठेवू?"

टाकीसाठी तो समुद्राचं पाणी वाहून आणायचा. मी बोलत सुटायचे आणि तो मान किंचित कलती करून ऐकायचा, जणू मी त्याचं कौतुकच करतेय. एकदा मला हसू फुटलं. घरी जाईपर्यंत मी स्वतःवर चरफडत होते.

कासवीण वाचली नाही.

तो आला तेव्हा मी पायरीवर बसले होते. "गेली," एवढंच म्हणाले. त्याने दारातूनच रिकाम्या टाकीकडे बघितलं.

"कासवं गवत खायला तिथे येतात, हे मला माहीत नव्हतं."

"माहीत करून घ्यायचं होतं! रोज तिथून जाता. एकदा तरी वाकून खाली बघितलंत?"

"नाही…" त्याने डोळे पुसले. "दाखवाल?"

दुसऱ्या दिवशी त्याने त्या खाडीत बोट अगदी हळू केली आणि माईक माझ्या हातात दिला. मागून एक गृहस्थ ओरडले, "यापेक्षा बैलगाडी बरी!"

"मग बैलगाडीने जा! बघू बैलाला पोहता येतं का!"

सगळे हसले. मी मात्र हसले नाही. सांगत सुटले – हे गवत म्हणजे माशांच्या पिल्लांचं घर, पंख्याने मुळं उखडली की परत उगवायला वर्षं जातात, कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं आणि नेमकं तेव्हाच आपण त्याच्या पाठीवरून जातो. हळूहळू माणसं कठड्यावरून वाकून खाली बघू लागली.

तो मात्र माझ्याकडे बघत होता.

"समोर बघ!" मी खेकसले. 'तू' केव्हा निघालं तोंडातून, कळलंच नाही.

"समोरच बघतोय," तो म्हणाला.

माझे कान तापले. उन्हाने असतील.

पण बोट त्याच्या दादाची. दोनच आठवड्यांत लोक वेगाच्या बोटींकडे वळले आणि दादाने सुकाणू काढून घेतलं. हे मला त्याने सांगितलंच नाही, तिकीटवाल्याकडून कळलं! मी तरातरा धक्क्यावर गेले. दादा दोर गुंडाळत होता.

"सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देता?"

"बाई, बोट माझी आहे. हळू चालवून घर चालत नाही."

"गवत गेलं की मासे जातील. मग काय दाखवाल लोकांना, चिखल?"

त्याने इंजिन सुरू केलं. पुढचं माझं सगळं त्या घरघरीत वाहून गेलं. तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला.

"माझं भांडण तू कशाला करतेस?"

"तुझं? गवताचं भांडण आहे ते!" मी गर्रकन वळले. "आणि… तुझंही. सांगितलं का नाहीस मला?"

"तू दादावर चिडली असतीस."

"चिडलेच की!"

"तेच तर." तो पायाखाली बघत म्हणाला, "माझ्यावर चिडतेस ना… ते आवडतं मला. दुसऱ्या कुणावर चिडलीस की हेवा वाटतो."

मी वळून धक्क्याच्या पायऱ्या उतरू लागले.

पायऱ्यांखाली एक जुनी होडी डुलत होती. त्याने मच्छीमार मित्राकडून मागून आणलेली. चार माणसं मावतील एवढी. पंखा नाही, फक्त वल्ही.

"यातून कोण येणार फिरायला?" मी विचारलं.

"आज एकच जण. बसलीस तर."

बसले. त्याने वल्ही मारली. खाली गवत सळसळत होतं, हिरवंगार, आणि इंजिन नसल्यामुळे वल्ह्यावरून ठिबकणारं पाणीसुद्धा ऐकू येत होतं. एवढ्यात दादाची बोट धडधडत शेजारून गेली. लाट थेट डोक्यावरून! मी ताडकन उभी राहिले आणि मुठी आवळून ओरडले. होडी कलंडली… त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"सोड!"

"नाही."

"होडी उलटेल म्हणून धरलंयस ना?"

"नाही," तो पुन्हा म्हणाला, हळूच.

मी खाली बसले. केसांतून पाणी गळत होतं आणि राग तसूभरही उतरला नव्हता. हात मात्र मी सोडवून घेतला नाही.

"उद्या दादाच्या बोटीसमोर ही होडी आडवी घालायची," मी म्हणाले.

"घालू," तो म्हणाला. "दोघं मिळून."